विमानाच्या इंधनाची वही कोणी तपासायची?

२०१२ सालच्या मार्च महिन्यात युरोपीय आयोगाने भारतीय विमान कंपन्यांकडे पैसे मागितले नव्हते; मागितला होता फक्त एक तक्ता. २०११ या वर्षात युरोपला गेलेल्या आणि युरोपातून निघालेल्या उड्डाणांत किती इंधन जळाले आणि त्यापासून किती कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळला, एवढीच त्या तक्त्याची व्याप्ती होती. मुदत होती ३१ मार्चची. ती उलटण्यापूर्वीच तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्री अजित सिंह यांनी जाहीर केले, की सरकारची भूमिका लक्षात घेता एकही भारतीय कंपनी ही माहिती देणार नाही. मे महिन्यात आयोगाने आढावा घेतला तेव्हा जगभरच्या शेकडो कंपन्यांपैकी माहिती न देणाऱ्या केवळ दहा निघाल्या. आठ चीनच्या आणि दोन भारताच्या: एअर इंडिया व जेट एअरवेज.

ज्या आकड्यांसाठी एवढे वादळ उठले, ते काढायला शाळेतले रसायनशास्त्र पुरेसे आहे. जेट विमानाचे इंधन म्हणजे काटेकोरपणे शुद्ध केलेले केरोसीन. त्याच्या वजनात सुमारे ८६ टक्के कार्बन असतो. ज्वलनात १२ भाग कार्बनपासून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गुणाकार केला की १ किलो इंधनामागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हे उत्तर येते. इंजिन जुने असो वा नवे, वैमानिक निष्णात असो वा नवशिका, हा गुणक जवळजवळ बदलत नाही. म्हणूनच विमानाच्या शेपटीमागे वायुमापक यंत्र बांधून उत्सर्जन मोजण्याच्या फंदात कोणी पडत नाही. एका लांब उड्डाणात ५० टन इंधन जळाले, तर १५८ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, इतके हे सरळ आहे.

सगळी अडचण गुणाकाराच्या पहिल्या संख्येत आहे. इंधन नेमके किती जळाले? या प्रश्नाला दोन साक्षीदार आहेत. एक टाकी, जी उड्डाणापूर्वी किती भरली होती आणि नंतर किती उरली ते सांगते. दुसरे इंजिन, जे दर क्षणाला किती इंधन प्याले ते सांगते. टाकीची साक्ष कंपनीच्या वहीत बंद असते. इंजिनाची साक्ष मात्र गेल्या काही दशकांत बरीचशी सार्वजनिक झाली आहे. विमानांच्या उत्सर्जनाच्या मोजणीचा इतिहास हा या दोन साक्षींचा इतिहास आहे, आणि साक्ष घेण्याचा अधिकार कोणाचा या वादाचाही.

वहीची सुरुवात पर्यावरणाच्या काळजीतून झालेली नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून जुहूकडे निघाले, तेव्हा वाटेत अहमदाबादला बर्मा शेल कंपनीचे पेट्रोल बैलगाडीतून आले, तेही चार-चार गॅलनच्या डब्यांत. डबे मोजले की इंधन मोजले गेले. पुढे मोठ्या विमानांत वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची आली आणि ठरावीक वेळाने टाक्यांतील इंधन कागदावर उतरवणे हे त्याच्या कामाचे अंग बनले. उद्देश एकच होता: मुक्कामी पोहोचेपर्यंत इंधन पुरावे. १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला आणि मग त्याच वहीकडे लेखापालही बारकाईने पाहू लागले. प्रत्येक किलो इंधनाला रुपये-डॉलरचे मोल आले. हवेचे मोल तोवर कोणी लावलेले नव्हते.

ही वही चुकली तर काय होते, याचा धडा २३ जुलै १९८३ रोजी कॅनडाने घेतला. एअर कॅनडाचे बोइंग ७६७ हे त्या काळी अगदी नवे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. त्याची इंधनमापक यंत्रणा बिघडलेली असल्याने टाकीत पट्टी घालून इंधन मोजले गेले. पट्टीवरून घनफळ कळते, उड्डाणासाठी लागते वजन. टाक्यांत ७,६८२ लिटर इंधन होते आणि गरज होती २२,३०० किलोंची. कॅनडात तेव्हा पौंडांकडून किलोंकडे संक्रमण चालू होते. कर्मचाऱ्यांनी लिटरला १.७७ ने गुणले. हा आकडा लिटरचे पौंड करण्याचा आहे. किलो करायचे तर सुमारे ०.८ ने गुणायला हवे. परिणामी जवळपास २०,००० लिटर भरायचे तेथे ४,९१७ लिटरच भरले गेले. वाटेत आकाशातच दोन्ही इंजिने थंडावली. कॅप्टन आणि सहवैमानिकाने ते अवाढव्य विमान ग्लायडरसारखे तरंगत नेऊन गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या तळावर उतरवले. विमानातले सर्व ६९ जण वाचले.

उत्सर्जनाच्या मोजणीशी या कथेचा संबंध वरवरचा नाही. लिटर आणि किलो यांच्यामधली ती गल्ली आजही तशीच आहे. भारतात विमान इंधनाचे बिल किलोलिटरमध्ये फाडले जाते, तर वैमानिकासमोरचा मापक किलो दाखवतो. इंधनाची घनता तापमानावर अवलंबून असते. १५ अंश सेल्सिअसला ती दर लिटरला ०.७७५ ते ०.८४० किलोच्या दरम्यान असावी अशी प्रमाणित मर्यादा आहे. तापमान २० अंशांनी वाढले तर केरोसीन सुमारे २ टक्के फुगते. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी भरलेला लिटर आणि लेहच्या जानेवारीतला लिटर यांत कार्बनचे अणू सारखे नसतात. एका उड्डाणात २ टक्के म्हणजे किरकोळ. पण वर्षाला लाखो टन इंधन जाळणाऱ्या कंपनीच्या वहीत तो हजारो टनांचा प्रश्न होतो.

दुसरा साक्षीदार, म्हणजे इंजिन, कागदावर आला तो धुराच्या तक्रारींमुळे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या जेट इंजिनांचा काळा धूर विमानतळाशेजारच्या वस्त्यांना डोळ्यांनी दिसत होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, १९८१ साली शिकागो कराराच्या सोळाव्या परिशिष्टात इंजिनांच्या उत्सर्जनासाठी स्वतंत्र खंड घातला. नव्या इंजिनाची चाचणी प्रयोगमंचावर चार अवस्थांत करायची असे ठरले: उड्डाणाच्या वेळी पूर्ण थ्रस्ट ०.७ मिनिट, चढताना ८५ टक्के थ्रस्ट २.२ मिनिटे, उतरताना ३० टक्के ४ मिनिटे आणि जमिनीवर चालताना ७ टक्के २६ मिनिटे. प्रत्येक अवस्थेत दर सेकंदाला किती इंधन जाते, नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि धूर किती निघतो, याची नोंद होते. या नोंदींचा कोश सर्वांना खुला आहे.

या कोशात कार्बन डायऑक्साइडचा वेगळा स्तंभ नाही. इंधनाचा ओघ दिला की तो आपोआप कळतो. शिवाय ही चाचणी ३,००० फुटांखालच्या हवेसाठी आखलेली होती. विमान आपले बहुतांश इंधन जिथे जाळते, त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवरच्या प्रवासाचा तिच्यात मागमूस नाही. २६ मिनिटांचे जमिनीवरचे चालणे हेही एक ठोकताळ्याचे मानक आहे. मुंबईच्या गर्दीत रांगेत उभ्या राहिलेल्या विमानाला ते कमी पडेल आणि एखाद्या छोट्या विमानतळावर त्याच्या चतुर्थांश वेळात काम भागेल. तरीही हा कोश पुढे फार मोलाचा ठरला, कारण कंपनीची परवानगी न घेता वापरता येईल असा इंजिनाचा जबाब प्रथमच त्यात लिहिला गेला.

हवामानबदलाच्या चर्चेत विमाने आली ती बरीच उशिरा, आणि आली तीही अडचणीचा पाहुणा म्हणून. दिल्लीहून फ्रँकफर्टला जाणारे जर्मन कंपनीचे विमान दिल्लीत भारतीय इंधन भरते, त्यात निम्मे प्रवासी तिसऱ्याच देशांचे असतात आणि वाटेतले आकाश आणखी पाच-सहा देशांचे असते. मग त्याचा कार्बन कोणाच्या खात्यावर मांडायचा? इंधन विकणाऱ्या देशाच्या, कंपनीच्या देशाच्या, की प्रवाशांच्या? नव्वदच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटींत अशा अनेक पर्यायांची यादी झाली. एकमत एकावरही झाले नाही. अखेर डिसेंबर १९९७ च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा प्रश्न विकसित देशांनी इकाओमार्फत सोडवावा, असे एका कलमात लिहून तो बाजूला ठेवण्यात आला. तेव्हापासून देशांच्या उत्सर्जन अहवालांत देशांतर्गत उड्डाणे राष्ट्रीय बेरजेत धरली जातात, आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा आकडा मात्र शेजारी वेगळा लिहून ठेवला जातो. भारतही तसेच करतो. १९९९ मध्ये आयपीसीसीने विमाने आणि जागतिक वातावरण या विषयावर खास अहवाल काढला आणि १९९२ सालच्या मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा सुमारे २ टक्के असल्याचे सांगितले. वाटा लहान दिसत असला तरी तो कोणाच्याच नावावर नव्हता.

इकाओकडून दहा वर्षांत ठोस काही निघाले नाही, तेव्हा युरोपीय संघाने स्वतःच कायदा केला. १ जानेवारी २०१२ पासून युरोपात उतरणाऱ्या आणि तेथून उडणाऱ्या प्रत्येक विमानाला युरोपच्या कार्बन बाजाराचे नियम लागू होणार होते. परवाने बहुतांशी फुकट मिळणार होते. पण परवान्याविना सोडलेल्या प्रत्येक टनाला १०० युरो दंड होता. मेख होती ती उड्डाण मोजण्याच्या रीतीत. दिल्लीहून निघालेल्या विमानाचा हिशेब युरोपच्या सीमेपासून सुरू होत नव्हता. तो दिल्लीच्या धावपट्टीपासूनच सुरू होत होता. भारताच्या आकाशात जळलेल्या इंधनाची वही ब्रसेल्सला दाखवायची होती.

भारताचा आक्षेप केवळ खर्चाचा नव्हता. १९४४ च्या शिकागो कराराच्या २४ व्या कलमानुसार विमान ज्या टाकीतल्या इंधनानिशी परदेशात उतरते, त्या इंधनावर तेथे जकात लावता येत नाही. कार्बनचा भार हा वेगळ्या नावाचा इंधनकर आहे, असा अनेक देशांचा युक्तिवाद होता. हवामान करारातील समान परंतु भिन्न जबाबदारीचे तत्त्व हा दुसरा मुद्दा: वातावरणात आधीच साठलेला कार्बन ज्यांनी सोडला, त्यांनीच इतरांच्या वह्या तपासाव्यात, हे दिल्लीला मान्य नव्हते. सप्टेंबर २०११ मध्ये नवी दिल्लीत युरोपबाहेरचे देश जमले आणि त्यांनी संयुक्त घोषणापत्र काढले. नोव्हेंबरमध्ये इकाओच्या परिषदेत २६ देशांनी तीच मागणी मांडली. अमेरिकी कंपन्या युरोपीय न्यायालयात गेल्या होत्या. २१ डिसेंबर २०११ रोजी त्या हरल्या. न्यायालयाने म्हटले, की हा इंधनकर नव्हे, कारण जळलेले इंधन आणि कंपनीवर पडणारा बोजा यांचे थेट नाते नाही. परवान्याचा भाव बाजार ठरवतो. कायद्याच्या दृष्टीने हा भेद टिकणारा असेल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र उत्सर्जन म्हणजे इंधन गुणिले ३.१६, त्याहून एक कणही अधिक नाही.

अजित सिंह यांची मार्चमधली घोषणा या पार्श्वभूमीवर आली. गंमत अशी, की भारताकडे हिशेब नव्हता असे अजिबात नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमान कंपन्यांकडून इंधनाचे आकडे मागवून भारतीय विमान वाहतुकीच्या कार्बन पदचिन्हाचा अहवाल तयार केला, आणि तो नेमका त्याच २०११ या वर्षाचा होता. देशाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा १ टक्क्याहून कमी असल्याचे त्यावरून मांडता आले. म्हणजे नकार मोजण्याला नव्हता. आपली वही आपण तपासू, परक्या निरीक्षकापुढे उघडणार नाही, हा तो पवित्रा होता. त्याला हट्ट म्हणता येईल. परंतु पुढे जागतिक व्यवस्थेचा जो आराखडा झाला, त्यात हेच तत्त्व पायाभूत ठरले, हेही नोंदवायला हवे.

युरोप नमला. १२ नोव्हेंबर २०१२ रोजी आयुक्त कॉनी हेडेगार्ड यांनी युरोपबाहेरच्या उड्डाणांसाठी घड्याळ थांबवत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये इकाओच्या महासभेने कोर्सिया ही योजना मंजूर केली: आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन ठरलेल्या पातळीपेक्षा वाढले तर वाढीइतकी कार्बन क्रेडिटे कंपन्यांनी विकत घ्यायची. क्रेडिटे घेण्याच्या २०२१ ते २०२६ या टप्प्यात सामील होणे ऐच्छिक होते. भारताने त्यात नाव दिले नाही. मोजणी मात्र कोणालाही ऐच्छिक नव्हती. १ जानेवारी २०१९ पासून वर्षाला १०,००० टनांहून अधिक आंतरराष्ट्रीय उत्सर्जन असलेल्या जगातल्या प्रत्येक कंपनीला इंधनाची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. भारतीय कंपन्यांची नोंद तपासणार कोण? आधी मान्यताप्राप्त स्वतंत्र पडताळणी संस्था आणि मग डीजीसीए. ब्रसेल्सला नाकारलेली वही सात वर्षांनी उघडली गेली, पण दिल्लीतल्या टेबलावर. इकाओकडे जातात त्या देशनिहाय बेरजा.

वही लिहायची कशी, याचे पाच प्रकार नियमांत आहेत आणि त्यांतले फरक बघण्यासारखे आहेत. सगळ्यांत सुटसुटीत प्रकारात विमान जागेवरून हलताना टाकीत किती इंधन होते आणि मुक्कामी थांबल्यावर किती उरले, यांची वजाबाकी होते. त्यात उभ्या विमानाचे वातानुकूलन चालवणारे शेपटीतले छोटे इंजिन निसटते; जागेवरून हलण्यापूर्वी त्याने प्यालेले इंधन हिशेबात येत नाही. दोन प्रकार त्यासाठी एका इंधन भरण्यापासून पुढच्या भरण्यापर्यंत, किंवा एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत, सलग हिशेब लावतात. चौथा प्रकार केवळ टँकरच्या पावत्यांवर चालतो: जितके भरले तितके जळले असे धरायचे. पाचवा सर्वांत ढोबळ आहे. त्या जातीचे विमान तासाला सरासरी किती इंधन पिते तो आकडा घ्यायचा आणि तासांनी गुणायचे. छोट्या कंपन्यांना इकाओच्या संगणकीय साधनावरून अंदाज काढण्याचीही मुभा आहे. आकडे गहाळ झालेल्या उड्डाणांचे प्रमाण ५ टक्क्यांपुढे गेले, तर त्याचा खुलासा द्यावा लागतो. प्रत्यक्ष घनता उपलब्ध नसेल तर लिटरला ०.८ किलो धरायचे, हेही लिहून ठेवलेले आहे. गिमलीचा तो गुणक अशा रीतीने आंतरराष्ट्रीय नियमात जाऊन बसला.

पावत्यांचा प्रकार भारतात जरा जपूनच वापरावा लागतो, आणि त्याचे कारण करांत आहे. देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावर राज्ये मूल्यवर्धित कर लावतात आणि त्याचे दर राज्याराज्यांत सुमारे १ टक्क्यापासून ३० टक्क्यांपर्यंत होते. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा दर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तोही शेजारच्या राज्यांत स्वस्त इंधन मिळते म्हणूनच. स्वस्त ठिकाणी परतीचेही इंधन भरून घ्यायचे आणि महाग ठिकाणी थेंबही घ्यायचा नाही, ही युक्ती जगभर चालते. जादा इंधनाचे ओझे वाहायला जादा इंधन जळते. युरोपात या प्रथेमुळे वर्षाला सुमारे ९ लाख टन कार्बन डायऑक्साइड विनाकारण सोडला जातो, असा युरोकंट्रोलचा २०१९ मधला अंदाज होता. अशा विमानाच्या पावत्या पाहिल्या तर एका गावी ते भरपूर प्यायले आणि दुसऱ्या गावाहून उपाशी उडाले, असे दिसेल. नियमांनी म्हणून तरतूद केली आहे, की इंधन न भरता केलेल्या उड्डाणाचा वाटा उड्डाणाच्या तासांच्या प्रमाणात मागच्या पावतीतून काढावा. कोर्सिया आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरती असली तरी एकच विमान सकाळी दिल्ली-मुंबई आणि रात्री मुंबई-दुबई उडते. टाकीला सीमा कळत नाही.

मोजणी सुरू झाली आणि वर्षभरात महासाथ आली. मार्च २०२० मध्ये भारताची सारी प्रवासी उड्डाणे थांबली. कोर्सियाची आधाररेषा मुळात २०१९ आणि २०२० या दोन वर्षांची सरासरी असणार होती. रिकाम्या आकाशाच्या वर्षाने ती इतकी खाली ओढली असती, की नंतरची साधी पूर्वस्थितीदेखील वाढ ठरली असती. जून २०२० मध्ये इकाओच्या परिषदेने पहिल्या टप्प्यासाठी केवळ २०१९ धरायचे ठरवले. २०२२ च्या महासभेने २०२४ पासून पुढे २०१९ च्या ८५ टक्के ही पातळी निश्चित केली. अशा रीतीने एका वर्षाची वही साऱ्या जगाची मोजपट्टी झाली.

त्याच महासभेतला एक बारीक बदल भारताच्या फार कामाचा होता, पण बातम्यांत तो फारसा आला नाही. क्रेडिटांचा बोजा कंपनीच्या स्वतःच्या वाढीवरून ठरवायचा की साऱ्या क्षेत्राच्या सरासरी वाढीवरून, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूळ योजनेत २०३३ ते २०३५ या काळात किमान ७० टक्के बोजा कंपनीच्या स्वतःच्या वाढीवरून ठरणार होता. ज्यांची वाहतूक वर्षानुवर्षे स्थिर आहे अशा जुन्या कंपन्या त्यात सुटल्या असत्या आणि भरभर वाढणाऱ्या भारतीय कंपन्या सापडल्या असत्या. नव्या सूत्रात २०३२ पर्यंत सगळा हिशेब क्षेत्राच्या वाढीवर आहे आणि त्यानंतर स्वतःच्या वाढीचा वाटा १५ टक्के आहे. २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, हे लक्षात घेतले की या टक्क्यांचे वजन कळते.

दरम्यान टाकीचा साक्षीदार थोडा अडखळू लागला आहे, तो जैवइंधनामुळे. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे विमान डेहराडूनहून दिल्लीला आले तेव्हा त्याच्या इंधनात डेहराडूनच्याच भारतीय पेट्रोलियम संस्थेने रतनज्योतीच्या, म्हणजे जट्रोफाच्या, तेलापासून बनवलेला अंश होता. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेले इंधन १ टक्क्यापर्यंत मिसळले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे. इंजिनाच्या दृष्टीने हे केरोसीनच. त्याच्या धुराड्यातून किलोमागे जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघतो. बचत असते ती शेतात आणि कारखान्यात, कारण तो कार्बन वनस्पतीने नुकताच हवेतून घेतलेला असतो. विमानतळाच्या सामाईक टाकीत एकदा मिसळल्यावर हे इंधन कोणत्या विमानात गेले, हेही सांगता येत नाही. मग हिशेब खरेदीच्या कागदपत्रांवर येतो. टाकीही गप्प, इंजिनही गप्प, बोलते ती पावती. येथे पडताळणी ढिली पडली तर ३.१६ या गुणकाच्या शुद्धतेचा काही उपयोग उरणार नाही.

दुसरा साक्षीदार मात्र अधिक बोलका झाला आहे. आजची विमाने आपले स्थान, उंची आणि वेग रेडिओवरून सतत प्रसारित करतात आणि जगभरचे हौशी व संशोधक साध्या अँटेनाने ते टिपतात. विमानाच्या नोंदणी क्रमांकावरून त्याचे इंजिन कळते, इंजिनावरून इकाओच्या कोशातला इंधनाचा ओघ, आणि त्याला उंची, वेग व अंतर यांची जोड दिली की कोणाचीही वही न मागता उत्सर्जनाचा अंदाज बांधता येतो. नॉर्वेच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी उड्डाणांच्या नोंदींवरून आणि विमानांच्या प्रतिमानावरून १९७ देशांचा २०१९ चा हिशेब मांडला. तो सुमारे ९१ कोटी टन आला. देशांनी संयुक्त राष्ट्रांना कळवलेली बेरीज सुमारे ६० कोटी होती. ही तफावत म्हणजे लपवाछपवी नव्हे. विकसनशील देशांवर दरवर्षी असा तपशील कळवण्याचे बंधनच नव्हते, त्यामुळे अनेकांच्या रकान्यांत त्या वर्षाची नोंद नव्हती. बाहेरून काढलेल्या अंदाजालाही मर्यादा आहेत. कोशातले आकडे प्रयोगमंचावरच्या नव्याकोऱ्या इंजिनाचे असतात. धूळ खाल्लेले, पाती झिजलेले इंजिन त्याच थ्रस्टसाठी जास्त इंधन पिते. वाऱ्याची दिशा आणि विमानात भरलेले वजन बाहेरच्याला नेमके कळत नाही. एका उड्डाणाचा अंदाज म्हणून बराच चुकू शकतो. लाखो उड्डाणांच्या बेरजेत चुका एकमेकींना काही प्रमाणात कापतात, पण इंजिनांच्या झिजेसारख्या एकाच दिशेच्या चुका उरतातच.

२०१२ च्या वादात जी गोष्ट दडवता येत होती, ती आज ढोबळमानाने कोणालाही काढता येते. वही अजूनही लागते ती अचूकतेसाठी, आणि पैशांसाठी. भारत २०२७ पासून कोर्सियाच्या बंधनकारक टप्प्यात येत आहे. तोपर्यंत दरवर्षी ३१ मे पर्यंत डीजीसीएकडे जाणारा अहवाल ही केवळ माहिती होती; त्या वर्षापासून त्यातल्या प्रत्येक टनाला किंमत लागेल. २०२७ ते २०२९ या तीन वर्षांची क्रेडिटे भारतीय कंपन्यांना ३१ जानेवारी २०३१ पर्यंत जमा करायची आहेत.